चाळीस लाखांचं इंजेक्शन आणि ब्लड कॅन्सर: जमीन विकायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामेभाऊ, वय ३८, ब्लड कॅन्सर निघालाय, सोलापुरातच अ‍ॅडमिट आहे. घरच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकलाय की आयआयटीने एक इंजेक्शन काढलंय, एकदा दिलं की कॅन्सर गायब, चाळीस लाख लागतात. मामा अक्कलकोट रोडची जमीन विकायला निघालेत. हे खरं किती, आणि रक्ताच्या आजारांत अलीकडे नक्की नवीन काय झालंय?

उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगतो. मी सोलापुरात रक्ताच्या आजारांचीच ओपीडी बघतो, शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी मुंबईत झाली, त्यामुळे तिकडे काय मिळतं आणि इथं काय मिळतं दोन्ही माहितीय.

व्हिडिओतलं औषध खरं आहे. पण तुमच्या प्रश्नात जे पाहिजे तेच नाहीये, भावाला कुठला ब्लड कॅन्सर आहे ते. ओपीडीत बहुतेक नातेवाइकांना हे सांगता येत नाही, 'पांढऱ्या पेशी वाढल्यात ओ' एवढंच सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष पण नाही, कुणी बसून समजावलेलंच नसतं. आता गोष्ट अशी आहे की गेल्या पंचवीसेक वर्षांतलं जवळपास सगळं नवीन संशोधन एकेका उपप्रकारासाठी झालंय. एकाला रोजची एक गोळी पुरते, दुसऱ्याला केमोच लागत नाही, तिसऱ्याला लागतो सहा-आठ महिन्यांचा कोर्स, आणि चौथ्याला ते चाळीस लाखांचं इंजेक्शन दिलं तरी काडीचा उपयोग नाही. त्यामुळे फाइल उघडा. बोन मॅरोचा रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) रिपोर्ट, आणि क्रोमोसोम-जनुकांचे रिपोर्ट, हे तिन्ही आहेत का बघा. नसतील तर सँपल पाठवलंय का, कधी येणार, हे विचारा. स्लाइड बघून 'अ‍ॅक्यूट ल्युकेमिया' इथपर्यंत कळतं, पुढचं फ्लोशिवाय ठरत नाही, आणि केमो सुरू झाल्यावर ते सँपल पुन्हा मिळत नाही कारण पेशीच मरायला लागतात.

सीएमएल घ्या, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पांढऱ्या पेशी दोन लाख, प्लीहा पोटात हाताला लागतीय, घरात रडारड. आणि रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह आलं की मी त्यांना म्हणतो, घाबरू नका, यापेक्षा शुगरचा पेशंट सांभाळणं अवघड आहे. ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात आणि त्यातून एक बिघडलेलं प्रोटीन तयार होतं जे पेशीला सतत 'वाढ, वाढ' सांगत राहतं. ते छोटं झालेलं क्रोमोसोम १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसलं, अदलाबदल होतीय हे जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये दाखवलं, आणि त्या प्रोटीनलाच कुलूप लावणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. म्हणजे चाळीस वर्षं गेली मध्ये. मूळ कंपनीची गोळी आपल्याकडे महिन्याला लाखाच्या वर जात होती, १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली. आज माझ्याकडे विडी वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यातले कामगार ही गोळी घेऊन रोज कामावर जातात. इमॅटिनिब ज्या मोठ्या ट्रायलमधून पुढं आलं त्यात दहा वर्षांनी ८३ टक्के पेशंट जिवंत होते, आणि गोळी यायच्या आधी या आजाराचं नाव काढलं की बोन मॅरो ट्रान्सप्लांट नाहीतर देवाचा धावा एवढंच होतं.

यात नवीन काय, तर दोन गोष्टी. एक, जुन्या गोळ्या लागू पडल्या नाहीत तर त्याच प्रोटीनला दुसऱ्या जागी जाऊन धरणारी अ‍ॅसिमिनिब २०२१ मध्ये आली. दुसरी, काही पेशंटना गोळी थांबवता येते. फ्रान्समधल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षं आजाराचा मागमूस सापडत नव्हता त्यांची गोळी बंद केली तर साधारण ४० टक्के लोकांत आजार परत आला नाही. बाकीच्यांत आला, गोळी सुरू केल्यावर परत आटोक्यात आला. हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नका हं, त्यासाठी सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर, म्हणजे ते बिघडलेलं जनुक रक्तात किती उरलंय हे मोजणारी टेस्ट, लागतो, आणि तो पण चांगल्या लॅबचा. आपल्याकडे लोक वेगळ्याच कारणाने गोळी बंद करतात, 'आता बरं वाटतंय की' म्हणून. अशातले काही वर्षभराने परत येतात ते ब्लास्ट क्रायसिसमध्ये, म्हणजे आजार भडकून अ‍ॅक्यूट ल्युकेमियासारखा झालेला असतो, आणि तेव्हा मग हातात फार काही राहत नाही.

दुसरं उदाहरण एपीएलचं, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. हा प्रकार मला सगळ्यात जास्त धास्ती देतो आणि सगळ्यात जास्त समाधानही. पावसाळा संपता संपता सोलापुरात डेंग्यूची लाट असते, प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू असं समीकरणच झालंय. अशात एखादा तिशीतला माणूस येतो, हिरड्यांतून रक्त, मांडीवर तळहाताएवढे काळे-निळे डाग, प्लेटलेट बारा हजार, डेंग्यू निगेटिव्ह. ताप पण नाही. अशा वेळी मशीनच्या आकड्यावर न थांबता कुणीतरी रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघणं, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. स्लाइडवर त्या पेशींच्या पोटात लालसर काड्या दिसतात, कधी कधी अक्षरशः जुडीच्या जुडी, एकदा बघितलं की विसरत नाही. त्या दिसल्या की मी पीसीआरची वाट बघत नाही, एटीआरए नावाच्या कॅप्सूल त्याच संध्याकाळी सुरू करतो. कारण या आजारात माणूस कॅन्सरने नाही जात, पहिल्या आठवड्यातल्या मेंदूतल्या रक्तस्रावाने जातो.

एटीआरए हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. शांघायच्या वांग झेन्यी यांनी ते ऐंशीच्या दशकात या आजारात वापरून दाखवलं. त्याच्या जोडीला आर्सेनिक, हो, सोमलच, ते हार्बिनच्या डॉक्टरांनी पुढं आणलं. आणि २०१३ मध्ये युरोपातल्या ट्रायलने दाखवलं की कमी आणि मध्यम धोक्याच्या पेशंटमध्ये फक्त ही दोन औषधं दिली, केमो दिलाच नाही, तर निकाल केमोपेक्षा चांगले येतात, दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजाराशिवाय. म्हणजे ल्युकेमियातला सगळ्यात घातकी प्रकार, आणि तोच आता केमोशिवाय बरा होतोय. यासाठी चाळीस लाख लागत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी स्लाइड बघायला लागते. (सोमल आयुर्वेदातही आहे म्हणून कुणी भस्म घ्यायला जाऊ नका. इथं ते शिरेतून, मोजून, वरचेवर ईसीजी आणि पोटॅशियम बघून दिलं जातं.)

आता तुमचं इंजेक्शन. त्याला कार-टी म्हणतात. मुळात ते बाटलीतलं औषधच नाही, पेशंटच्या स्वतःच्या पेशी आहेत. आपल्या रक्तात टी सेल असतात, व्हायरस लागलेली पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्यामुळे त्यांच्या नजरेतून सुटते. तर करतात काय, डायलिसिससारख्या दिसणाऱ्या मशीनवर पेशंटला तीन-चार तास बसवून रक्तातून त्या पेशी काढतात, लॅबमध्ये एका निष्प्रभ केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यांच्यात एक नवीन जनुक घालतात, त्यामुळे त्या पेशीवर एक कृत्रिम हुक उगवतो जो बी सेलवरची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी१९ नावाची खूण बरोबर पकडतो, मग त्या पेशी वाढवतात, आणि पेशंटला दोन-तीन दिवस हलका केमो देऊन, जागा मोकळी करून, परत शिरेतून सोडतात. पिशवी रिकामी व्हायला फार वेळ लागत नाही. खरं नाट्य नंतर सुरू होतं, त्या पेशी शरीरात वाढतात, कॅन्सरवर तुटून पडतात आणि त्या लढाईत इतकी रसायनं सुटतात की ताप १०४, बीपी खाली, ऑक्सिजन लागतो, काहींना बडबड, गोंधळ, फिट येते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला २०१२ मध्ये पहिल्यांदा एका लहान मुलीला हे दिलं तेव्हा ती याच वादळात जवळजवळ गेलीच होती. तिच्या रक्तात आयएल-६ नावाचं दाह वाढवणारं रसायन भयंकर वाढलंय हे दिसलं आणि सांधेदुखीवरचं टॉसिलिझुमॅब नावाचं औषध देऊन बघितलं, ती वाचली. आजही ते औषध हाताशी असल्याशिवाय कुठलंही सेंटर कार-टी करत नाही. तिथली थेरपी २०१७ मध्ये मंजूर झाली, किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, आजच्या हिशोबाने चार कोटी रुपये.

आपल्याकडचं नेक्सकार१९ हे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून केलं, राहुल पुरवार आणि त्यांच्या टीमने, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं. किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात, आयसीयू वगैरे धरलं तर वर अजून. बंगळुरूच्या कंपनीचं दुसरं एक २०२५ च्या जानेवारीत आलं. मला याचा खरंच अभिमान आहे, आणि तो सरकारी जाहिरातीतला नाही, जे काम आपल्या पेशंटना कधीच मिळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो ते टाटाच्या खारघरच्या सेंटरला व्हायला लागलं. पण व्हिडिओत जे सांगत नाहीत ते पण ऐका. नेक्सकार१९ चे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत छापून आले, साधारण ७३ टक्के पेशंटमध्ये आजार कमी झाला किंवा गेला. हे सगळे असे पेशंट होते ज्यांच्यात आधीचे उपचार संपलेले होते, त्या हिशोबाने हा आकडा जबरदस्त आहे. पण 'प्रतिसाद मिळाला' आणि 'कायमचा बरा झाला' यात फरक आहे, बऱ्याच जणांत आजार काही महिन्यांत परत येतो. कधी कार-टी पेशीच संपून जातात, कधी कॅन्सरची पेशी सीडी१९ ची खूणच टाकून देते, मग हुकाला पकडायला काही उरत नाही.

आणि परवानगी कुणासाठी आहे, तर बी सेलच्या लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) किंवा बी सेलच्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी (एएलएल), ते पण नेहमीचे उपचार हरल्यावर किंवा आजार परत आल्यावर. भावाला आत्ता नुकतंच निदान झालंय. म्हणजे त्याला एएलएल असला तरी आज कार-टीचा प्रश्नच येत नाही, आधी नेहमीचा कोर्स. एएमएल, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, असला तर सध्या या इंजेक्शनचा संबंधच नाही, कारण एएमएलच्या पेशींवर ज्या खुणा असतात त्याच आपल्या चांगल्या मूळपेशींवर पण असतात, त्यांना मारलं तर रक्त तयार करणारा कारखानाच बंद पडतो. सीडी१९ चं नशीब एवढंच की ती खूण फक्त बी सेलवर असते, आणि बी सेल नसले तरी माणूस जगू शकतो, इन्फेक्शन सांभाळावं लागतं, कधी इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, पण जगतो.

टी सेलच्या ल्युकेमियात तर वेगळाच घोळ, तयार केलेल्या टी सेल एकमेकांनाच मारायला लागतात. त्यावर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलात २०२२ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीसाठी दात्याच्या टी सेलमधली काही अक्षरं बेस एडिटिंगने बदलून, म्हणजे खूणच पुसून, मग त्या वापरल्या. ते बेस एडिटिंगचं तंत्रच मुळात २०१६ चं. सहा वर्षांत लॅबमधून पेशंटपर्यंत, इमॅटिनिबची चाळीस वर्षं आठवा.

माझं मत विचाराल तर एएलएलमध्ये सध्याचं सगळ्यात मोठं पाऊल कार-टी नाहीच, ब्लिनाट्युमोमॅब आहे. त्याचे दोन हात असतात, एकाने पेशंटची टी सेल पकडतं, दुसऱ्याने सीडी१९ वाली पेशी, आणि दोघांना समोरासमोर आणून उभं करतं. पेशी बाहेर काढा, लॅबमध्ये वाढवा ही भानगडच नाही. आधी ते मुख्यतः आजार परत आलेल्यांना देत होते. २०२४ मध्ये एका ट्रायलचा निकाल आला, तीस ते सत्तर वयाच्या, ज्यांच्यात केमोनंतर आजार मोजताही येत नव्हता अशांना ते केमोच्या जोडीला दिलं, तीन वर्षांनी ८५ टक्के जिवंत, नुसत्या केमोच्या गटात ६८ टक्के. मुलांच्या ट्रायलमध्ये पण तसंच, तीन वर्षं आजाराशिवाय राहणारे ८८ वरून ९६ टक्क्यांवर. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ असलेल्यांतही काहीतरी लपून होतं आणि ते यानं काढलं. अडचण एकच, औषध २८ दिवस अखंड पंपवर चालतं, आणि महाग आहे. भावाचा प्रकार बी-एएलएल निघाला तर डॉक्टरांना या औषधाबद्दल आणि एमआरडी टेस्टबद्दल विचारा. एमआरडी म्हणजे दहा हजार पेशींत एखादी वाईट पेशी राहिलीय का हे बघणं, आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर होतो. आणि एएलएल निघाला तर फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह, म्हणजे सीएमएलसारखंच बीसीआर-एबीएल असलेला, आहे का हे विचारायला विसरू नका, त्यात सीएमएलच्याच घराण्यातल्या गोळ्या लागतात आणि केमो बराच कमी होतो.

एएमएल निघाला तर चित्र जरा वेगळं. तरुण माणसाला अजूनही तोच जुना सात अधिक तीनचा केमो (एक औषध सात दिवस, दुसरं तीन दिवस), आणि धोका बघून ट्रान्सप्लांट. वय जास्त असलेल्यांसाठी, जे आधी हा केमो झेपणार नाही म्हणून घरी पाठवले जायचे, व्हेनेटोक्लॅक्स गोळी आणि अ‍ॅझासायटिडिन इंजेक्शन ही जोडी आलीय. २०२० च्या ट्रायलमध्ये आयुष्य सरासरी ९.६ महिन्यांवरून १४.७ महिने झालं. ऐकायला कमी वाटतं, पण ज्या आजोबांना नातवाची मुंज बघायची होती त्यांना विचारा. यातली एक व्यवहारातली गंमत सांगतो. आपल्याकडे बुरशीचं इन्फेक्शन फार, त्यामुळे पोसाकोनाझोल द्यावंच लागतं, आणि ते व्हेनेटोक्लॅक्सला लिव्हरमध्ये फुटू देत नाही, म्हणून ४०० मिलिग्रॅमच्या जागी ७० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे बिल पण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर. पण हा हिशोब डॉक्टरने करायचा, आणि मेडिकलवाल्याने अँटिफंगल परस्पर बदलून दिलं तर सगळं गणित बिघडतं. पपनसाचा रस पण याच कारणाने बंद.

मायलोमाबद्दल (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) पटकन. साठीच्या पुढचा शेतकरी, सहा महिने कंबरदुखी, एमआरआय, पट्टा, तेलमालिश सगळं झालंय, हिमोग्लोबिन आठ आणि क्रिएटिनिन वाढलेलं. हे तिन्ही एकत्र दिसलं की प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करा, हजार-दीड हजाराची टेस्ट. डॅराटुमुमॅब सुरुवातीपासूनच चौथं औषध म्हणून जोडलं तर चार वर्षं आजार न वाढता राहणारे ६८ वरून ८४ टक्के झालेत. आणि मायलोमाच्या कार-टीमध्ये, आधीचे सगळे उपचार हरलेल्या ९७ पेशंटपैकी ३२ जण एकाच डोसवर पाच वर्षं आजार न वाढता राहिले, हे २०२५ मध्ये आलं. मायलोमात 'बरा झाला' हा शब्द आम्ही तोंडातून काढत नव्हतो. सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवनावश्यक औषधांवरचा जीएसटी शून्य केलाय, त्यात डॅराटुमुमॅब, टेक्लिस्टामॅब, अ‍ॅसिमिनिब, हिमोफिलियाचं (रक्त नीट न गोठण्याचा आजार) एमिसिझुमॅब ही नावं आहेत. बिलावर कर लावलाय का बघून घ्या.

या रोगप्रतिकारक पेशींच्याच विषयात २०२५ चं वैद्यकातलं नोबेल होतं. शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी सेलमध्येच एक जमात अशी असते जी बाकीच्यांना आवरते, घरातल्या माणसांवर हात उचलू देत नाही. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका आजारी उंदराच्या जातीवरून त्यामागचं फॉक्सपी३ जनुक शोधलं. ही जमात कमी पडली की शरीर स्वतःवरच उलटतं. आणि दुसऱ्या बाजूने, कॅन्सर हीच जमात आपल्याभोवती गोळा करून लपतो. जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरांनी तर कार-टीच ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंटना दिलं, कारण वाईट अँटिबॉडी करणाऱ्या पण बी सेलच असतात. २०२४ मध्ये त्यांनी १५ पेशंटचे निकाल छापले, त्यातल्या ल्युपसच्या आठही जणांचा आजार शांत झाला, औषधं बंद. म्हणजे कॅन्सरसाठी केलेली गोष्ट संधिवाताच्या ओपीडीत पोचलीय. आता तर पेशी बाहेर न काढताच, इंजेक्शनने शरीराच्या आतच कार-टी तयार करायचे प्रयत्न चाललेत, पण ते अजून हातावर मोजण्याइतक्या पेशंटमध्ये. त्यावर जमीन विकू नका.

आता जरा कॅन्सर नसलेल्या गोष्टी, कारण माझ्या ओपीडीत त्याच जास्त. कितीतरी लोक 'ब्लड कॅन्सर असेल' म्हणून रडत येतात आणि निघते बी१२ ची कमतरता. तिन्ही पेशी कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११५, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, पूर्ण शाकाहारी घर, दूध पण नावाला. रिपोर्टवर 'पॅनसायटोपेनिया' हा शब्द वाचून गुगल केलेलं असतं. काही रुपयांचं इंजेक्शन, आठवड्यात माणूस उठून बसतो. मॅरो करायच्या आधी बी१२ तपासा असं मी ज्युनियरना कायम सांगतो, आणि बी१२ चं इंजेक्शन देऊन मग सँपल घेऊ नका हे पण.

थॅलेसेमियावर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) मात्र सोलापूरकरांशी जरा परखड बोलायला पाहिजे. आपल्या भागात मामा-भाचीचं लग्न चालतं, तेलुगू, कन्नड, मराठी, सगळ्यांकडे कमीजास्त. भाचीची आई, म्हणजे मामाची बहीण, जर थॅलेसेमियाची वाहक असेल तर मामाही वाहक असायची शक्यता निम्मी, आणि मुलीला आईकडून ते यायची शक्यता पण निम्मी. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा प्रकार, व्हायची शक्यता पंचवीस टक्के. आणि वाहक माणूस दिसायला ठणठणीत, हिमोग्लोबिन साडेदहा-अकरा, आयुष्यभर लोहाच्या गोळ्या खातोय. एचपीएलसी नावाची एक रक्ततपासणी आहे, त्यात एचबीए२ साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की कळतं. पत्रिका जुळवायला पैसे आहेत, तर ही पण करा. गरोदरपणात कळलं तरी दहा-बारा आठवड्यांत बाळाची तपासणी होते.

जगात यावर क्रिस्परची जनुक दुरुस्ती आलीय, कॅसजेवी, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये सिकलसेलसाठी (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार) अमेरिकेने मंजूर केली. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असतं, ते जन्मानंतर बंद करणारा एक स्विच असतो, बीसीएल११ए, तोच तोडायचा म्हणजे जुनं हिमोग्लोबिन परत सुरू. डोकं किती सुंदर चाललंय बघा, बिघडलेलं जनुक तसंच ठेवलं आणि बाजूने वाट काढली. सिकलसेलच्या ट्रायलमध्ये ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर वेदनेचा मोठा झटका आला नाही. किंमत २२ लाख डॉलर, आणि आधी बुसल्फानचा जबर केमो. विदर्भातल्या, नंदुरबारच्या मुलांसाठी आज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज पोटात जाणं हाच खरा उपचार आहे, आणि तीसुद्धा सगळ्यांपर्यंत पोचत नाही.

हिमोफिलियात भारताने खरंच नाव काढलंय. वेल्लोरच्या सीएमसीने डिसेंबर २०२४ मध्ये पाच पेशंटचे निकाल छापले, पेशंटच्याच मूळपेशींत रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ चं जनुक घालून परत दिल्या, त्यानंतर एकालाही रक्तस्राव झाला नाही. परदेशातली पद्धत वेगळ्या व्हायरसवर चालते, त्या व्हायरसच्या अँटिबॉडी ज्यांच्या रक्तात आधीच असतात त्यांना ती चालत नाही, म्हणून हा मार्ग काढला.

परत तुमच्या भावाकडे. मुंबईला न्यायचं का? ल्युकेमियाचा प्रकार ठरवायला सगळ्यांना मुंबई लागत नाही, सँपल कुरियरने जातं. बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे, महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे, आधी ते कागद करा. एकदा मत घ्यायला टाटाला जरूर जा, पण ताप आणि प्लेटलेट दहा हजार असताना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने नाही. जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर मॅरोच्या स्लाइड आणि बायोप्सीचा ब्लॉक पण घेऊन जा, नाहीतर तिथं परत सुई. भाऊ ३८ चा आहे, पुढं मूल हवं असेल तर केमोच्या आधी वीर्य साठवायचं विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो, आणि आपल्याकडे लाजेपोटी हे कुणी काढतच नाही. बाळाची नाळ कंपनीकडे पैसे भरून ठेवलीय म्हणून निर्धास्त असाल तर ल्युकेमियात स्वतःची नाळ वापरत नाहीत, आयसीएमआरने पण स्वतःसाठी म्हणून ती खाजगीत साठवायला वैज्ञानिक आधार नाही असंच म्हटलंय. ट्रान्सप्लांट लागला तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, पण आता अर्ध्या जुळणीचा पण होतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन दात्याच्या चिडलेल्या टी सेल तेवढ्या मारतात, त्यामुळे आई, वडील, मूल, कुणीही दाता होऊ शकतं.

आणि याचसाठी एक गोष्ट आजच करा. अ‍ॅडमिट झाल्या झाल्या सख्खे भाऊ, वडील, काका रक्त द्यायला रांगेत उभे राहतात. त्यांना थांबवा. जो उद्या मॅरोचा दाता होऊ शकतो त्याचं रक्त आज चढवलं तर भावाच्या शरीरात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन पुढं मॅरो रुजायला अडचण येऊ शकते. शिवाय जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या टी सेलना पेशंटचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही, त्या आत राहतात, वाढतात आणि पेशंटवरच हल्ला करतात, हे दुर्मिळ आहे पण झालं तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. म्हणून रक्त आणि प्लेटलेट मित्रांकडून, गल्लीतल्या मंडळाच्या पोरांकडून घ्या, आणि ब्लड बँकेत 'इरॅडिएटेड पिशवी (रेडिएशन देऊन टी सेल निकामी केलेली) मिळेल का' हे स्पष्ट विचारा.